टाळूवरच्या रेघा

तिने कवळी दिव्याखाली धरली आणि जिभेकडच्या बाजूने अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. डोळे मिटून पुन्हा फिरवला. आतली बाजू नुकत्याच धुतलेल्या बशीसारखी गुळगुळीत होती.

"डॉक्टरांनी परत पाठवलीय," काका टेबलापलीकडून म्हणाले. "आजी म्हणतात, जिभेला काहीतरी टोचतंय."

"मला तर काही सापडत नाही."

"ते तुझं बोट आहे. जिभेला केससुद्धा दोरखंडाएवढा वाटतो."

काका म्हणजे लॅबचे मालक. नात्याने ते इथे कोणाचेच काका नव्हते, पण समोरच्या दारातल्या दातांच्या डॉक्टरांपासून प्लास्टरची पोती आणून टाकणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. तिला त्यांनी तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं होतं. "जमलं तर राहा, नाही जमलं तर तुझे दगड आहेतच," असं म्हणून. ही बोली आता संपत आली होती.

तिने भिंग ओढून घेतलं, आणि मग दिसलं. समोरच्या दातांच्या मागे, एका टोकाला जुळलेल्या तीन बारीक रेघा. चिमणीचा पाय ओल्या सिमेंटवर उमटावा तशा.

तिचे कान तापले.

पंधरा वर्षं ती शिल्पं घडवत होती. माती असो नाहीतर मेण, काम संपलं की उजव्या अंगठ्याच्या नखाने तळाशी ह्या तीन रेघा ओढायच्या. त्यासाठी ते एक नख ती कायम जरा वाढवून ठेवायची. सही ही विचार करून करायची गोष्ट राहिलीच नव्हती. खोलीतून बाहेर पडताना हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जातो, तशी ती होऊन जायची. ह्या कवळीचं मेणकाम पूर्ण झालं तेव्हाही तशीच झाली असणार. मेणात जे असतं ते पुढे ॲक्रिलिकमध्ये जसंच्या तसं उतरतं. पॉलिशचा ब्रशही तेवढ्या जागेला वळसा घालून गेला असणार, आणि तोही तिच्याच हातातला.

भिंग पुसता पुसता तिने ठरवलं.

"काका, माझी सही झालीय."

"कशावर?"

"आजींच्या टाळूवर."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. भिंगातून बराच वेळ पाहिलं. त्यांचे खांदे हलू लागले तेव्हा तिला कळलं की ते हसतायत.

"उद्घाटन कधी आहे? हार आणायला हवा."

"घासून टाकते."

"टाक. आणि पुढच्या कोणाच्या तोंडात पुतळा उभारू नकोस म्हणजे झालं."

फिरत्या चाकाला टेकवताच रेघा गेल्या. गुलाबी भुकटीची एक फुंकर उडाली. आपल्याला वाईट वाटेल, असं तिला वाटलं होतं. तिने जरा थांबून वाटही पाहिली. गरम ॲक्रिलिकचा वास आला, बाकी काही झालं नाही.

जेवणाच्या सुट्टीत हातोडा आला. हे त्याचं कलाशाळेतलं नाव. कारखान्याएवढ्या थंड स्टुडिओतली अर्धी जागा त्याची होती आणि अर्धी तिची. तिच्या जागेसाठी भांडी घडवणारी एक बाई तयार होती, आणि म्हणून तो चावी घ्यायला आला होता. फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे बघून तो दारातच थबकला.

"आई गं! एवढे सगळे एकदम हसतायत तरी कशाला?"

"तू आलास म्हणून."

तिने डब्यातला अर्धा भाग त्याच्यापुढे सरकवला आणि सकाळची गोष्ट सांगितली. त्याने खाता खाता घास खाली ठेवला.

"म्हणजे बघ! तुझा हात ऐकायला तयार नाही. तू कितीही म्हण सोडलं सोडलं, तो आपला सही करून मोकळा."

"घर बदललं की आपण महिनाभर जुन्या जिन्याकडे वळतोच ना. म्हणून काय परत तिथे राहायला जायचं?"

"इथे तुझं काम कोण बघणार? लोक तोंड मिटून फिरतात."

"तिथे तरी कोण बघत होतं? दोरीच्या पलीकडे उभे राहायचे आणि पाटी वाचायचे. हात लावू नये."

त्याने खाली ठेवलेला घास उचलला. तो मनाने वाईट नव्हता. ती गेल्यापासून दुपारचा चहा एकट्याने प्यावा लागतो, एवढंच त्याचं दुखणं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. तिने एप्रनच्या खिशातून चावी काढली. त्याने तिची मूठ परत मिटवली.

"आठवडाभर ठेव. त्या बाईला मी थोपवतो. हात काय म्हणतोय ते नीट ऐक एकदा."

चावी पुन्हा खिशात गेली. दुपारभर वाकताना ती मांडीला टोचत राहिली, आणि रेघा घासताना जे झालं नव्हतं ते थोडंसं आता झालं. हात खरंच काही म्हणत असेल तर?

त्यानंतर चार-पाच दिवसांनी आजी स्वतःच लॅबमध्ये आल्या. काठी टेकत, डॉक्टरांना न जुमानता, थेट.

"कोणी केलीय ही?"

"मी," ती उठून उभी राहिली. "अजून टोचतंय का?"

"टोचत काही नाही. पण ऐक." आजींनी घसा साफ केला. "थूनबाई, थाखर थंपली."

काकांनी तोंड फिरवलं आणि खोकल्याचं सोंग आणलं.

"हथा, हथा," आजी म्हणाल्या. "घरीपण हथतात. अहो, तीथ वर्षं त्या घरात माझा धाक आहे. आता मी रागवायला लागले की थूनबाई पदर तोंडात कोंबते. नातवंडं मुद्दाम मला चिडवून बोलायला लावतात."

"आधी असं होत नव्हतं?"

"आधी टोचायचं. पण बोलणं थाफ होतं."

तिने कवळी मागून घेतली आणि आजींना खुर्ची दिली. मग ती खिडकीपाशी गेली आणि हळूच म्हणून पाहिलं. स. स. स. जिभेचं टोक कुठे जातं? दातांच्या थोडं मागे. तिथे जीभ टेकते, कडांनी वर चिकटते, मधे एक बारीक पन्हळ राहते आणि तेवढ्यातून हवा निघते. पण जीभ टेकते ती कशाला? तिने बोट घालून पाहिलं. तिथे खडबडीत होतं. आडव्या, वाकड्या, उंचवट्याच्या रेघा.

हातातल्या कवळीला त्या जागी काहीच नव्हतं. ओल्या फरशीसारखी सपाट. आधी निदान तिची चिमणी होती. चुकीची, टोकदार, पण जिभेला इथे थांब म्हणून सांगणारी.

"काका, ह्या रेघा आपण ठेवतच नाही?"

"काही लॅबवाले ठेवतात," काका जरा ओशाळून म्हणाले. "मीही ठेवायचो पूर्वी. पॉलिश करताना जीव जातो, म्हणून सुटलं. बहुतेकांची जीभ सपाट टाळूला सरावते."

"माझी नाही थरावणार," आजी म्हणाल्या.

वरच्या फळीवर आजींच्या तोंडाचा पहिला साचा अजून होता. दात नसलेला, जुन्या चपलेसारखा. तिने तो उतरवून दिव्याखाली तिरका धरला. उजेड आडवा पडताच टाळूवर रेघा उठल्या. डावीकडे चार, त्यातली एक मधेच दुभंगलेली. उजवीकडे तीनच, आणि त्यातली खालची वळून वरच्या रेघेला जाऊन मिळालेली.

"सगळ्यांच्या सारख्याच असतात का?"

"छे. बोटांच्या ठशांसारख्या. ज्याच्या त्याच्या."

"माझ्या बघू," आजींनी हात पुढे केला. साच्यावर बोट फिरवलं. "हे माझ्या आत होतं? आणि एवढी वर्षं मला कोणी थांगितलं नाही!"

काकांनी आजींसाठी चहा मागवला. तिने गुलाबी ॲक्रिलिक कालवलं. मग कोरणी उचलली आणि थांबली. उजव्या अंगठ्याचं नख कोरणीच्या दांड्यावर आलं होतं. तिने कोरणी ठेवली, खणातली कानस घेतली आणि नख बाकीच्या नखांच्या बरोबरीला घासून टाकलं. भुकटी फुंकरीने उडवली. कोरणी आता बोटांत नीट बसली.

ॲक्रिलिकची पहिली रेघ कवळीवर हलकीच उठवली. साचा डोळ्यासमोर, कवळी हातात. दुभंगलेल्या रेघेपाशी तिचा श्वास आपोआप मंद झाला, जसा पूर्वी ओठांची कड काढताना व्हायचा. उजवीकडची वळणारी रेघ दोनदा खोडून पुन्हा केली. पहिल्यांदा ती जरा जास्तच डौलदार झाली होती. आजींची तशी नव्हती. आजींची हट्टी होती, थोडी आखूड. तशीच केली.

ॲक्रिलिक घट्ट झाल्यावर कडा मऊ केल्या, कवळी धुतली आणि समोरून बोलावलेल्या डॉक्टरांनी ती आजींच्या तोंडात बसवली. आजींनी आधी गाल आत ओढले. जीभ आत कुठेतरी फिरत होती. अंधारात घराचा कोपरा चाचपावा तशी. मग ती थांबली.

"सूनबाई," आजी म्हणाल्या. खोलीत कोणी हललं नाही. "साखर संपली, आणि ह्या घरात माझ्याशिवाय कोणाचंच लक्ष नाही."

"बिचारी सूनबाई," काका पुटपुटले.

आजी काठी आपटत गेल्या. दाराशी पोचेपर्यंत त्या 'सरळ', 'सावकाश', 'समजलं का' असं काहीतरी घोकत होत्या.

संध्याकाळी ती एप्रन दाराच्या खिळ्याला अडकवत असताना काका म्हणाले, "वरचा खण रिकामा केलाय मी. तुझी हत्यारं माझ्या हत्यारांत मिसळतात, मग सापडत नाहीत."

"बरं," ती म्हणाली. बोलीचा विषय दोघांनीही काढला नाही.

स्टुडिओ वाटेवरच होता. हातोडा मचाणावर चढून कुणा घोड्याच्या मानेशी झटत होता. तिने चावी त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. त्याने वरून पाहिलं.

"काय म्हणाला हात?"

"कामात होता," ती म्हणाली. "विचारायला वेळच नाही मिळाला."

तो हसला, मग एक सुस्कारा टाकून म्हणाला, "रविवारी तरी चहाला येत जा."

"येईन. माझा कप त्या बाईला देऊ नकोस."

बसथांब्यावर गर्दी नव्हती. एक माणूस फोनवर भांडत होता, दोन मुली कशावरून तरी खिदळत होत्या. ती बाकावर बसली. जीभ सहज वर गेली, दातांच्या मागे, आणि तिथल्या रेघांवरून सावकाश फिरू लागली. डावीकडे चार. उजवीकडे... ती पुन्हा पहिल्या रेघेपासून निघाली. एक तिरपी होती, आणि एक अगदी लहान. ही रेघ इतकी वर्षं तिथेच होती आणि तिला माहीतच नव्हती.

बस आली, थांबली आणि निघून गेली. तिचं मोजून व्हायचं होतं.