रुद्रप्पामामांचं नाक

सिद्धेश्वरी हत्तुरेनं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं खपून एक करडी भुकटी बनवली होती. तिचा एकेक कण केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढा. मूळ बेत फ्युएल सेलचा होता. हायड्रोजनपासून वीज करायला जे महागडं प्लॅटिनम लागतं, त्याच्या जागी ही भुकटी बसवायची. भुकटीला ते काम काही मानवलं नाही. पण एका दुपारी शेजारच्या टेबलावर कुणीतरी अमोनियाची बाटली उघडली आणि इकडे भुकटीच्या थरावर लावलेल्या मीटरचा आकडा झरझर उतरला. तिच्या मार्गदर्शक सरांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, "हिला वीज करायची नाही, हिला वास घ्यायचाय. घेऊ दे."

त्यातून तिनं साबणदाणीएवढी एक डबी तयार केली. हवेत अमोनिया आला की डबी आकडा दाखवायची आणि ओरडायची. आता ती खऱ्या जागी तपासायची, तर सिद्धेश्वरीला फार शोधावं लागलं नाही. तिचे सख्खे मामा रुद्रप्पा बिराजदार होटगी रोडकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीनरूमचे मुख्य होते. बेदाणे, चिंच, मिरची थंड ठेवणारी ती यंत्रं अमोनियावरच चालतात.

मामांचं नाक त्या आवारात प्रसिद्ध होतं. कुठं पाइप पाझरतोय हे ते नुसत्या वासावर सांगत. सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि नाकाच्या बाबतीत अण्णांचा शब्द शेवटचा.

"ऊटा आतेनु?" त्यांनी भाचीला आधी कानडीत जेवणाचं विचारलं आणि मग डबीकडं पाहिलं. "ही काय गं? तपकिरीची डबी?"

"सेन्सर आहे मामा. तुमच्या नाकाचं काम करतो."

"मग त्याला पगार माझ्यातला देऊ नका म्हणजे झालं."

डबी सुरू केली आणि ती लगेच ओरडायला लागली. सिद्धेश्वरी आनंदानं पाइपांच्या दिशेनं गेली, तर आवाज थांबला. मागं आली, तर पुन्हा सुरू. मामांनी शांतपणे दाराशी उभ्या, लग्नातल्याच कपड्यांत आलेल्या ऑपरेटर दिग्विजयला हातानं दाराबाहेर जायची खूण केली. तो बाहेर गेला आणि डबी गप्प झाली. वैरागला लग्नाला जाऊन आलेल्या दिग्विजयनं अंगावर भरपूर अत्तर मारलं होतं.

"लई हुशार हाय की," मामा म्हणाले. "वरातीला चांगली."

सिद्धेश्वरीनं ते हसून घेतलं, पण घरी जाताना तिचे कान लाल झाले होते. पुढचे दोन महिने तिनं भुकटीवर घालवले. भुकटी किती तापवायची ते बदललं, तिच्यावर गाळणीसारखा दुसरा एक पातळ थर दिला. प्रयोगशाळेत मैत्रीण रुपालीच्या बॅगेतली सगळी अत्तरं डबीसमोर फवारून झाली. डबी ढिम्म. अमोनिया दाखवला की मात्र बोलायची.

दुसऱ्या खेपेला मामांनी तिला दारातच विचारलं, "आज वरात कुणाची?"

डबी हातात धरून ती पाइपांच्या कडेनं चालत गेली. तिसऱ्या व्हॉल्वपाशी डबी ओरडली. आकडा अठरावर थांबला. ती मागं सरली, आकडा उतरला. पुढं आली, चढला.

मामांनी व्हॉल्वजवळ नाक नेलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. "काय न्हाय," ते म्हणाले. "दिग्विजय, तू बघ."

दिग्विजयनं वास घेतला. एकदा मामांकडं पाहिलं. "न्हाय अण्णा. काय न्हाय."

"गंधकाची काडी आहे का?" सिद्धेश्वरीनं विचारलं. गळतीजवळ ती पेटवून धरली की पांढरा दाट धूर होतो, हे तिला मामांनीच लहानपणी सांगितलं होतं.

काडी आणली, पेटवली. व्हॉल्वच्या दांड्याभोवती दुधासारखा धूर उठला.

मग दिग्विजय जमिनीकडं बघत म्हणाला, "आठ दिस झालं मला वास येतुया. पण अण्णा न्हाय म्हणले, म्हणून मी बी न्हाय म्हणलो."

मामांनी स्वतः पाना घेऊन व्हॉल्व आवळला, पुन्हा काडी धरली, धूर होत नाही हे पाहिलं आणि मग भाचीला घेऊन बाहेर लिंबाखाली आले. बराच वेळ ते रुमालाची घडी घालत राहिले.

"वर्ष झालं, सिद्धू. ताप आला होता, त्यात गेला वास. गॅस लई झाला तर डोळे चुरचुरतात, तेवढ्यावर निभावतोय."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? नाकाशिवाय माझ्याकडं दुसरं हाय काय?"

चाळीस वर्षं ज्यांच्या हाताखाली ती यंत्रं धडधडत होती, त्यांनी असं म्हणावं याचं तिला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ती म्हणाली, "मामा, आत्ता पाना कुणी फिरवला? डबीनं?"

त्यांनी त्याच दुपारी मालकांना सगळं सांगितलं. मालकांनी तिसऱ्या व्हॉल्वच्या दांड्याभोवतीचं झिजलेलं पॅकिंग बदलून घेतलं आणि डबी तिथंच भिंतीला लावून घेतली. दिग्विजयला अण्णांनी बजावलं, वास आला की आधी सांगायचं, मग माझ्याकडं बघायचं.

घरी सांगणं जास्त अवघड होतं. रविवारी जेवताना मामांनी तोंड उघडलं, तर निंगव्वामामी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "ठाऊक हाय. गेल्या वर्षी तुमच्या पुढ्यात दूध करपलं आणि तुम्ही पेपर वाचत बसला होता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. वर्षभर बिनवासाची आमटी 'झकास' म्हणून खाताय. मी पण मग दोन-चारदा हिंग घातलाच नाही."

डॉक्टरांनी एक सोपा सराव सांगितला. लवंग, लिंबू, वेलदोडा, कापूर, रोज सकाळी बाटलीतून एकेकाचा सावकाश वास घ्यायचा आणि तो आठवायचा. मामांनी पहिल्या आठवड्यात चारही ओळखले. मामींना संशय आला. बाटल्या काचेच्या होत्या, आतलं दिसत होतं. त्यांनी बाटल्यांना कागद गुंडाळला आणि मामा एकदम शून्यावर आले.

पाच महिने शून्यच होतं. जानेवारीत एका सकाळी मामींनी नेहमीसारखी बाटली नाकाशी धरली. मामांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग म्हणाले, "लिंबू असावं. पण नीट कळंना. तुझ्या हाताला कांद्याचा वास येतोय."

मामींनी बाटली खाली ठेवली आणि दुसरा हात त्यांच्या नाकाशी नेला. "आणि ह्याला?"