मंगळाचं शून्य

"मास्तर, ह्यो खड्डा कशात खणू? खाली फरशी हाय."

जैनुद्दीन गवंडी हातात थापी घेऊन ओट्यावर उकिडवा बसला होता. समोर सिमेंटचा मंगळ पसरला होता. पंचवीस बोटं उंच एक डोंगर, त्याच्या बाजूला तीन धाकटे. एकोणीसशे त्र्याहत्तरच्या सव्वीस जानेवारीला खर्ड्याच्या हायस्कुलात शिक्षणाधिकारी येणार होते, आणि हेडमास्तर काकासाहेबांना त्यांच्यापुढे काहीतरी जगावेगळं मांडायची हौस आली होती.

विज्ञान शिकवणारे रंगनाथ मास्तर मुंबईहून मागवलेली पुस्तिका घेऊन धावत आले. किलोमीटरभर उंचीला एक बोट, हे माप त्यांनीच ठरवलं होतं. पण दक्षिणेकडचा खोलगट भाग शून्याच्या चार किलोमीटर खाली आहे, ही गोष्ट शेवटच्या पानावर होती आणि तिथवर ते आजच पोचले होते.

"शून्य म्हंजी?"

"आपल्याकडे समुद्रसपाटी असते ना, तसं."

"तिथं समुद्र हाय?"

"थेंबभरही नाही."

"मग पान्याबिगर पातळी काढली कशी त्येंनी?"

मास्तरांनी वाचून सांगितलं. गेल्या साली एक अमेरिकी यान महिनोन्‌महिने मंगळाभोवती फिरलं. खाली वजनदार भाग आला की ते किंचित ओढलं जाई, वेग बदले, आणि त्याच्या रेडिओलहरी पृथ्वीवर तेवढ्या फरकाने पोचत. त्या फरकावरून कुठे किती ओढ आहे ते मांडलं, आणि ओढीवरून पातळी धरली.

जैनुद्दीन हसला. "म्हंजी यान सोडलं वळंब्यावानी. वळंबा बी वढीनंच सरळ ऱ्हातो की."

मास्तरांनी पुस्तिकेच्या कडेला 'ओळंबा' असं लिहून ठेवलं. कॉलेजात कुणी त्यांना हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

घोळात जैनुद्दीनचाही वाटा होता. त्याने जन्मभर घरं बांधली. घरात फरशी म्हणजे शून्य, तिच्याखाली कुणी राहत नाही. इथेही त्याने तेच धरलं. आता सगळा मंगळच चार बोटं वर उचलायला हवा होता, आणि वाळलेल्या गुळगुळीत सिमेंटवर नवा थर काही धरत नाही; म्हणजे सगळं फोडून नव्याने घडवायचं.

काकासाहेबांनी तोडगा काढला. "तिथं काळा रंग फासा. कोण बोटं मोजायला येतंय?"

कुणीच येणार नव्हतं, हे खरं. शिवाय जैनुद्दीनला हे काम वेळेत उरकायलाच हवं होतं. दोन वर्षांपूर्वी गावातल्या आप्पासाहेबांनी घाई केली म्हणून त्याने पाया नीट न तपासता त्यांची भिंत उभी केली, आणि पहिल्याच पावसाळ्यात ती फुगली. तेव्हापासून गावात त्याला कुणी भिंत दिली नव्हती. सव्वीसला सारं गाव ओट्याभोवती जमणार होतं. गेलेलं नाव परत मिळवायचं तर तोच दिवस होता.

त्याने छिन्नी घेतली आणि सगळ्यात उंच डोंगराच्या पायथ्याला पहिला घाव घातला.

"अरे बाबा, चारच दिवस राहिलेत!" काकासाहेब ओरडले.

"व्हय सर. पर तळच चुकलाय. त्येच्यावर रंग फासून भागत न्हाई, मला लई चांगलं ठावं हाय."

सव्वीसला झेंडा चढला तेव्हा मंगळ अर्धाच झाला होता. धाकटे डोंगर उभे, थोरल्याचा नुसता बुंधा.

"हे असं अर्धवट का?" शिक्षणाधिकाऱ्यांनी विचारलं.

"गवंडी कामचुकार निघाला, साहेब. गावात त्याचं नावच तसं आहे," काकासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले. आप्पासाहेबांनी मान डोलावली. गर्दीत कुणीतरी हसलं.

जैनुद्दीनला ते लागलं. रंगनाथ मास्तर तावातावाने पुढे झाले. "साहेब, खरं कारण मी सांगतो..."

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," जैनुद्दीन म्हणाला. "कालवलेला माल सुकतोय."

पाहुणे चहाकडे वळले. तो ओट्यावर चढला, शून्यापासून खाली चार बोटं मोजली आणि खड्ड्याचा तळ घोटायला बसला.