मनगटावरचा रंग

मावशी बावीस वर्षं सिनेमावाल्यांची तोंडं रंगवत आली होती. तरण्याला म्हातारा करण्यात आणि धडधाकट माणसाला मरणपंथाला लावण्यात तिचा हातखंडा. पण एक काम तिच्या हातून असं झालं, की पुढे कित्येक दिवस तिला स्वतःचंच तोंड आरशात बघवेना.

दगडखाणीवरच्या एका बाईवर सिनेमा निघाला होता. या बाईनं संप करून खाणमालकांच्या नाकी नऊ आणले होते. मावशीच्या भाचीचा बाप त्याच खाणकरी लोकांतला. भाचीनं रूप बापाकडचं उचललं होतं. काळाभोर रंग, रुंद नाक आणि कंगव्याला दाद न देणारे कुरळे केस. ती नाटकात कामं करायची. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या रांगेत पेंगणारा माणूसही दचकून ताठ बसे. तिनं या भूमिकेसाठी ऑडिशन दिली. तीनदा बोलावणं आलं. तेव्हापासून ती घरातसुद्धा डोक्यावर दगडाची पाटी असल्यासारखी चालू लागली.

भूमिका मिळाली एका गोऱ्यापान, नावाजलेल्या नटीला. मावशीला हे आधी कळलं, कारण नटीला काळं करायचं काम तिच्याकडेच आलं.

"ताई, रंग अगदी तुमच्या भाचीसारखा हवा," दिग्दर्शक म्हणाला. "एक दिवस बोलवा ना तिला. शेजारी बसवून जुळवून घेऊ."

"मग तिलाच का घेत नाही?"

"मला नको आहे का? पण तिचा चेहरा बघायला तिकीट काढून कोण येणार?" बोलून तो ओशाळला आणि उगाचच मोबाइल बघू लागला.

मावशीनं भाचीला फोन लावला. सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण जीभ रेटेना. "उद्या सेटवर बोलावलंय तुला," एवढंच म्हणाली. पलीकडे भाची घरात आईला ओरडून म्हणाली, "आई, बोलावलं गं मला!" मावशीनं घाईघाईनं फोन ठेवला.

भाची संवाद पाठ करून वेळेआधीच आली. मेकअपच्या खोलीत नटी गळ्याभोवती टॉवेल लावून बसली होती. भाचीला शेजारी स्टूल दिलं. दिग्दर्शकाच्या साहाय्यकानं तिचं मनगट धरलं आणि नटीच्या गालाशी नेलं. "हलवू नकोस हं."

भाचीनं आरशातून मावशीकडे पाहिलं. मावशी डबीत ब्रश घोळवत राहिली.

पहिला रंग तांबूस झाला, दुसरा राखी. "अजून गडद," दिग्दर्शक मागून म्हणाला. चौथा जमला. मग कुरळा विग चढला, नाकाला मेण लावून ते रुंद केलं. भाचीचा हात तसाच पुढे होता.

"हात दुखतोय का गं?" नटीनं विचारलं. वाईट नव्हती ती.

"नाही."

"तुमच्यातल्या बायका दगड फोडताना कशा बसतात? दाखवशील?"

भाचीनं खाली बसून दाखवलं. मग ती हात धुवायला बेसिनकडे गेली. मावशी तिच्यामागे धावली.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस, बाळा."

"नसतेच आले. निदान नाही म्हणायला तरी मिळालं असतं मला."

ती गेली. मावशीनं आत येऊन ब्रश ठेवला. "मला हे जमायचं नाही."

"अहो, इतकं सुरेख जमलंय की!" दिग्दर्शक म्हणाला. ते खरंच होतं. मावशी काम सोडून निघाली, पण रंगाचं प्रमाण तिनं सवयीनं डबीवर लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी आलेल्या माणसाचं कुठे अडलं नाही.

भाचीनं वर्षभर फोन उचलला नाही. मग सिनेमा लागला आणि तिनंच फोन केला. "येतेस बघायला? एकटीनं जाववत नाही."

दोघी शेजारी बसल्या. संपाच्या प्रसंगाला सगळं थिएटर मुसमुसत होतं. भाचीच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं.

"काम चांगलं केलंय तिनं," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

मावशीनं तिचा हात धरायला हात पुढे केला, पण मनगटापाशी येऊन तो थांबला. भाचीनं ते पाहिलं. तिनं हात मागे घेतला नाही आणि पुढेही केला नाही. दोघी रस्ता ओलांडून बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.