गुरांच्या वाटेनं वर

छप्पर थेट जमिनीपर्यंत उतरलेलं, भिंत दिसतच नाही. झोपडीनं टोपी डोळ्यांवर ओढून घ्यावी तसं.

*

कपिली, मोरी, तांबू. म्हशीला नाव नाही. म्हैस ती म्हैस.

*

ल्युब्लियानाच्या कॉलेजात सर फळ्यावर नदी काढतात. पाणी कुठून आलं ते विसरा, म्हणतात, किती आहे आणि केवढ्या वेगानं वाहतंय तेवढं सांगा. मागच्या बाकावरचा मुलगा वेल्ह्याचा आहे. त्याच्या वहीतल्या नदीला काठावर एक आंबा फुटतो.

*

तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर चर्च. शेफाली म्हणते, काढ फोटो. फोटोत चर्च येतं, शेफालीचं अर्धं डोकं येतं, पाणी मात्र भाटघर धरणाचं येतं.

*

हिरडा चघळून वर पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं. हे इथे कुणाला सांगायचं?

*

"रविवारी किकवीचा मानूस येनार हाय. तू व्हय म्हन, म्हंजी देतो."

*

हे शेवटचं वाक्य सोमनाथच्या वडिलांचं, गेल्या रविवारी फोनवरचं. आज शनिवार. सोमनाथनं अजून व्हय म्हटलेलं नाही.

तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत त्याचं घर आहे आणि घरालगतच्या गोठ्यात चार जनावरं. वडिलांचा, आनंदरावांचा, गुडघा आता डोंगर चढू देत नाही. गुरं वर न्यायची ती आईनं, भाताचं बघायचं तेही आईनं. गुरं किकवीच्या गोठेवाल्याला देऊन टाकणं शहाणपणाचं, हे वाडीत सगळ्यांना कळतं. सोमनाथलाही कळतं. पण गुरं राहिली तर शिक्षण संपल्यावर त्याला परत जावं लागेल. गेली, तर त्याला कुणी कधी काही विचारणार नाही. जगात कुठंही राहा. हे 'कुठंही' त्याला आठवडाभर झोपेत दिसत होतं. सपाट होतं ते, आणि त्यात एकही वाट नव्हती.

"व्हय म्हणून टाक की," शेफाली म्हणाली. "गुडघा त्यांचा आहे, तुझा नाही."

शेफाली भोरच्या वकिलांची मुलगी. भोरपासून वेल्हे काही फार लांब नाही, पण दोघांची ओळख झाली ती इथे परदेशात, ल्युब्लियानाच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीवरून. तिसरी निनो, जॉर्जियाची. सुट्टीच्या दिवशी तिघं मिळून काहीतरी बघायला जातात. पूल झाला, तळं झालं, गुहा झाली. आज डोंगर होता.

डोंगरावर जाईपर्यंत ऊन होतं. मग धुई आली. पायाखालची वाट गेली, मग बूट गेले, मग निनो गेली. तिचा आवाज तेवढा राहिला. तो विचारत होता, बस कुठे मिळते. मोबाईलमधला नकाशा एका निळ्या ठिपक्यावर अडकून बसला होता.

सोमनाथ खाली वाकला. ओल्या मातीत खूर उमटलेले. शेण ताजं. सगळे खूर एकाच दिशेला.

"चला," तो म्हणाला. "गुरं घरी चालल्यात. त्यांच्या मागं गेलं की गाव. गाव आलं की एसटी."

"एसटी," शेफाली म्हणाली. "वेल्हे-स्वारगेट का?"

"जे काय आसंल ते."

निनोनं विचारलं, हा काय म्हणतोय. शेफालीनं इंग्रजीत सांगितलं, "याच्या गावी गाईंच्या मागे गेलं की बस मिळते."

"आमच्या गावी गाईंच्या मागे गेलं की शेजाऱ्याशी भांडण मिळतं," निनो म्हणाली आणि चालू लागली.

चालताना सोमनाथला फार बरं वाटत होतं. डोळ्यांना काही काम नव्हतं आणि पायांना सगळं माहीत होतं. डावीकडे कारवी. हात लावला तर ती कसल्याशा काटेरी झुडपाची फांदी निघाली, पण हात काढला की पुन्हा कारवी. पुढच्या वळणावर ओढा लागेल. लागला. ओढ्यापलीकडे मोरी थांबते, तिला रोज हाकलावं लागतं. थांबली होती. त्यानं जिभेनं टक् केलं, धुईतलं काहीतरी जड अंग हललं आणि पुढं गेलं. आई मागून म्हणाली, सावकाश रं, निसरडं हाय. शेफाली म्हणाली, सावकाश चल रे, घसरतंय. दोन्ही खरं होतं. वरच्या दगडावरून तोरण्याची माची दिसते, पण आज धुई आहे म्हणून दिसत नाही. माची असली तरी दिसत नाही, नसली तरी दिसत नाही. धुईत इतकी मोकळीक असते.

"सोम्या," शेफाली म्हणाली. "वाट चढतेय."

"मधी खिंड आसंल. आमच्याकडं बी आधी चढती, मग उतरती."

"मघापासून नुसती चढतेय."

"तू भोरची. तुला काय कळणार?"

"मला एवढं कळतं की गाव खाली असतं."

वाट चढतच राहिली. मग घंटा ऐकू आल्या. आधी एक, मग इतक्या की धुईच वाजतेय असं वाटलं. पांढऱ्यातून तपकिरी पाठी निघाल्या, ओली तोंडं निघाली, आणि त्यांच्या मागून जमिनीला टेकलेल्या छपराची एक झोपडी. दारात एक बाई बादली घेऊन उभी होती. तिनं तिघांकडे पाहिलं, पहाडावर असे तिघे रोजच येत असावेत तसं.

निनोला थोडी रशियन येते. बाईच्या भाषेतले काही शब्द तिला कळले. दोघींनी हातवारे केले. मग निनो वळली.

"गाव खाली आहे. आपण आलो त्याच्या अगदी उलट दिशेला. या गाई संध्याकाळी खाली जात नाहीत. उन्हाळाभर इथेच असतात. यांचं घर हेच."

शेफाली दगडावर बसली आणि पोट धरून हसली. "म्हणजे तुझं बरोबरच होतं रे. गुरं घरीच आली."

सोमनाथही हसला. बाईनं लाकडी पेल्यांतून आंबट दूध दिलं. पाण्याच्या डोणीपाशी त्याचा मोबाईल थरथरला. रेंज होती. तिकडे आता दिवेलागण झाली असेल. आई गुरं बांधून हात धूत असेल. त्यानं फोन लावला तेव्हा काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"आबा."

"व्हय. जेवला का?"

"न्हाई अजून. आबा, ऐका. गुरं देऊ नका."

पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"शिक्षान झालं की म्या येतो," सोमनाथ म्हणाला. "पुढच्या लावणीला हितं नसंल म्या, तिथं आसंल. तवर गेनबाकाकाला सांगतो, त्यो आईसंगं वर जाईल."

"आरं पर तिकडची नोकरी?"

"राहू द्या तिकडची."

"लोकं परदेसात ऱ्हायासाठी जीव टाकत्यात."

"टाकू द्या."

 आनंदराव म्हणाले, "त्या घंटा कसल्या?"

"गाई हैत. लई हैत. धुईत दिसत न्हाईत."

"धर की जरा त्यांच्याकडं."

सोमनाथनं फोन हात लांबवून धरला. एक गाय पुढे आली आणि फोनला हुंगून गेली. पुन्हा कानाला लावला तेव्हा पलीकडे पाऊसच होता, आणि कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज.

"आबा, तुमी बी गोठ्यात जावा की. कपिलीला ऐकू द्या."

"पाऊस लई हाय. भायेर पडता यीना."

"छत्री घ्या."

"नंतर."

मागून आईचा आवाज आला. काय म्हणाली ते कळलं नाही. आनंदरावांनी तिच्याकडे फोन दिला नाही.

"मग देऊ नका. सांगा किकवीवाल्याला."

"बरं."

"नक्की?"

"बरं म्हनलो न्हवं का. ठेव आता, तुझं पैसं जात्यात."

"न्हाई जात आबा."

"तरी ठेव."

शेफालीनं सगळं ऐकलं होतं. ती आता हसत नव्हती. "माझी आई विचारते तेव्हा मी बघू म्हणते," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, बघतेच आहे." मग तिनं त्याच्या पाठीवरचं शेवाळ झटकलं.

बाईनं खाली जाणारी वाट दाखवली. रुंद होती, खडी टाकलेली, कुठल्याही गाईचा पाय न लागलेली. उतरताना धुई हळूहळू वर उचलली गेली आणि खाली छोटी छोटी घरं दिसू लागली. सोमनाथ पुढे होता. तो न थांबता बोलत होता. गोठ्याला मागच्या बाजूनं पन्हाळी घालायची. चढाच्या वाटेवर दोन ठिकाणी दगड बसवायचे, म्हणजे आबांना निदान ओढ्यापर्यंत येता येईल. मोरी गाभण आहे, वासरू झालं की निनोनं नाव ठेवायचं. निनोनं लगेच एक नाव सांगितलं, त्याला ते उच्चारता येईना, तिनं पुन्हा सांगितलं, तिघांनीही ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. बस उभी होती. खिडकीजवळची जागा मिळाली आणि काचेतून वरचा डोंगर स्वच्छ, हिरवा, अगदी जवळ दिसत राहिला.

किकवीचा माणूस त्या फोनच्या चार दिवस आधी, मंगळवारीच टेम्पो घेऊन आला होता, आणि दुपारपर्यंत चारही जनावरं त्याच्या गोठ्यात उतरली होती.