भंडारा आणि एक फेरा माघारी

मित्रांनो, मी एक जुना लेथ. लोखंड गोल फिरवून कातायचं हे माझं काम. आधीच सांगून ठेवतो, स्वभावाने मी जरा खवट आहे. पंजाबात घडलो, मालगाडीने कराडला आलो आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये खिडकीजवळ बसलो. पंचवीस वर्षांत निम्म्या सातारा-सांगलीचे इंजिनिअर माझ्यावर हात साफ करून गेले. सगळे मला 'राजा' म्हणत.

मग १९९४ साली सीएनसी नावाचं संगणकावर चालणारं नवं यंत्र आलं. ते म्हणे आपल्या बुद्धीने चालतं! कागदी पट्टीला भोकं पाडायची, पट्टी त्याच्या खिडकीत सरकवायची आणि हात बांधून उभं राहायचं. सगळी मुलं तिकडे गेली. माझ्यावर मुलं जेवणाचे डबे ठेवू लागली. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

प्रॉडक्शनच्या शेवटच्या वर्षाला उत्कर्षा नावाची मुलगी होती. कवठे महांकाळकडची, मेंढपाळाच्या घरातली. सीएनसीभोवती मुलांचा असा गराडा की तिची पाळी यायच्या आत तास संपायचा. ती मुकाट्याने माझ्याकडे यायची. वर्कशॉपचे जुने कारागीर केरबा तिला शिकवायचे. कापायचं हत्यार पुढेमागे नेणारा माझा आडवा स्क्रू झिजलेला. चाक जरा उलटं फिरवलं की आकडा बदलतो, पण हत्यार जागचं हलत नाही. केरबा म्हणायचे, "ह्याला दटावू नगं. एक फेरा माघारी घे, मग फुडं चल." म्हातारपणाचं हे दुखणं चारचौघांत सांगितलेलं मला आवडलं नव्हतं.

त्याच वर्षी खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा झाली. पोरगी कशावर शिकते ते बघायला उत्कर्षाचे वडील बिराप्पा एसटीने आले होते. सीएनसीला हाताएवढा जाड हार. मला झेंडूचं एक फूल, तेही केरबांनी खोचलेलं. बिराप्पांनी सीएनसीला एक फेरी मारली आणि पट्टीची ती खिडकी त्यांना दिसली.

"हेचं त्वांड हितं हाय व्हय?" म्हणत त्यांनी कनवटीचा बिरोबाचा भंडारा काढला आणि मूठभर हळद श्रद्धेने आत टाकली. उत्कर्षा तेव्हा चहा आणायला गेली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक आले. पट्टी सरकवली तर सीएनसी नुसतंच पीं पीं करू लागलं. पट्टी वाचणारे त्याचे डोळे हळदीने माखले होते. मी गालातल्या गालात हसलो, हेही कबूल करतो.

विभागप्रमुखांचा पारा चढला. ज्याने हे केलं त्याला परीक्षेला बसू देणार नाही, वर्ष वाया गेलं तरी चालेल, असं त्यांनी बजावलं. तेव्हा हळद बघून काय ते ओळखलेली उत्कर्षा पुढे झाली.

"सर, हा भंडारा माझ्या आबांनी टाकलाय. त्यांना मीच आणलं होतं."

माझं हसू तिथेच आटलं. परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, बाकीच्यांची परीक्षा मशीन दुरुस्त झाल्यावर घेऊ. हिने परीक्षेचा हाच जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, या जुन्यावर मिलिमीटरच्या दोन शतांशांत बसवला तर हिची आजच झाली. नाही बसला तर पुढच्या वर्षी.

मुलं कुजबुजली. तिने माझ्यावरचे डबे उचलले, तेल घातलं, फडक्याने पुसलं. एक फेरा माघारी, मग पुढे. प्रत्येक कापाला तेच. मीही हाडं घट्ट धरून उभा राहिलो.

परीक्षकांनी मायक्रोमीटर लावला. फरक एक शतांश. त्यांनी पुन्हा मोजलं, तेवढाच. या खटाऱ्याची खोड तुला कशी कळली, असं त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, "सर, नव्या मशीनपाशी मला कुणी येऊ देईना, आणि ह्याच्यापाशी कुणी येईना. मग आमी दोघंच होतो."

परीक्षकांनी सही केली. उत्कर्षाने आबांना पत्र लिहिलं, त्यात पास झाले एवढंच होतं. हळदीचा शब्द नाही.

मित्रांनो, हाराची हौस मला आहेच, नाही कशाला म्हणू? पण हार वर्षाकाठी एक पुरतो, तेलाचा थेंब रोज लागतो. तुमच्या कोपऱ्यातही कुणीतरी असेल, यंत्र असेल नाहीतर माणूस. त्याच्या डोक्यावरचा डबा तेवढा उचला.