पेशीनाथांचं रक्तदर्शन

बेसा भागातल्या त्या मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर भलामोठा पडदा, आणि पडद्यावर कुणा रुग्णाच्या रक्ताचा थेंब. सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो गोल पेशी दाटीवाटीने पडलेल्या.

"पाहा या राक्षसिणी!" पेशीनाथ महाराज गरजले. "याच गाठ वाढवतात. आता तीर्थ सोडतो. हात जोडा!"

शिष्याने काचेच्या कडेला तीर्थाचा थेंब सोडला. पेशी फुगल्या आणि एकेक करत दिसेनाशा झाल्या. अर्ध्या मिनिटात पडदा पुसल्यासारखा साफ! टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतली एक बाई तर हुंदके देऊन रडायला लागली.

मागे बसलेल्या डॉ. शामला गजभिये यांनी टाळी वाजवली नाही. त्या प्राध्यापक. कर्करोगाची गाठ शरीराच्या पहारेकरी पेशींना कशी चकवते, हे शोधण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. एका औषधाने वीसपैकी अकरा उंदरांच्या गाठी आटल्या, तेव्हा पेपरात त्यांची मुलाखत आली होती. 'माणसांवर अजून सिद्ध झालेलं नाही' हे त्यांनी तीनदा बजावून सांगितलं होतं. आता तीच मुलाखत महाराजांच्या बॅनरवर झळकत होती, फोटोसकट. तेवढं एक वाक्य मात्र कापलेलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

पण त्या आल्या होत्या शेजारी बसलेल्या सिंधूताईंसाठी. सिंधूताईंनी अठरा वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळले होते. आता त्यांच्याच स्तनात गाठ निघाली होती. केमोचे दोन डोस झाले, तिसऱ्याला त्या गेल्याच नाहीत.

"काहून गेल्या नाहीत, सिंधूताई?"

"केस गेले, तोंडाची चव गेली. अन् इथं तर डोळ्यासमोर मरून राहिले ना जंतू! तुमचा फोटोबी लावला हाये, मॅडम. मले वाटलं, तुमीच सांगितलं असन."

शामलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डोक्यातला संशय गप्प बसेना. रक्त फक्त आजारी माणसांचंच का दाखवतात हे?

"सिंधूताई, आपण उंदरांचे दोन पिंजरे ठेवायचो. दुसरा कशाला?"

"बिनऔषधाचा तो. त्याले नुसतं पाणी. नाहीतर फरक औषधानं पडला का आपसूक, कसं समजन?"

"मग इथं दुसरा पिंजरा कुठं आहे?"

सिंधूताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पदर खोचून त्या उभ्याच राहिल्या.

"महाराज! ज्याले काई रोग नाही, त्याचं रक्त दाखवा ना!"

"माताजी, निरोगी रक्तात तीर्थ शांत राहतं," महाराज गोड हसले.

"तेच दाखवा मंग."

"हो हो, दाखवा!" लोकांनाही हुरूप आला. महाराजांना नाही म्हणता येईना. शामला स्टेजवर गेल्या आणि त्यांनी बोट पुढे केलं. थेंब पडद्यावर आला, तीर्थ सोडलं, पेशी फुटल्या.

महाराज मोठे तयारीचे! "अरेरे! मॅडम, तुमच्यातही रोग लपलेला आहे."

"मंग तुमचंच रक्त घ्या, महाराज," खालून सिंधूताई म्हणाल्या.

"संन्याशाचं रक्त असं सांडत नाही!"

पहिल्यांदाच लोक हसले. तेवढ्यात शामलांनी सिंधूताईंची पाण्याची बाटली मागवली आणि आपल्या रक्ताच्या नव्या थेंबाला त्यातलं साधं नळाचं पाणी लावलं. ना मंत्र, ना हात जोडणं. पेशी फुगल्या, फुटल्या, पडदा साफ!

"या कर्करोगाच्या पेशी नव्हेत," त्या म्हणाल्या. "या सगळ्यांच्या रक्तात असणाऱ्या लाल पेशी. रक्त खारट असतं. साध्या पाण्यात या पेशी मनुकांसारख्या फुगतात आणि फुटतात. शिकत असताना माझ्याच हातून मिठाच्या पाण्याऐवजी साधं पाणी पडलं होतं. रुग्णाचा सगळा नमुना वाया गेला. तो चमत्कार नव्हता, माझी चूक होती. कोणी काही सिद्ध करून दाखवलं, तर एवढंच विचारा: औषधाशिवाय काय होतं, ते पाहिलं का? विचारू देत नसेल, तर त्याच्या हाती जीव देऊ नका."

महाराज मागच्या दाराने केव्हाच सटकले होते.

बाहेर आल्यावर सिंधूताईंनी शामलांचा हात धरला. "मॅडम, त्या दवाखान्यातल्या केमोनं मी नक्की बरी होईन ना?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं!

"नक्की नाही म्हणत. गाठ लवकर सापडलीय. अशा बहुतेक बायका वाचतात, सगळ्या नाही. डोस सोडले तर धोका वाढतो."

"त्यानं शंभर टक्के सांगितलं होतं." सिंधूताईंनी डोक्यावरचा पदर घट्ट केला. "पण सोतःचं बोट नाही देल्लं मेल्यानं. चाला मॅडम, तिसऱ्या डोसाचं डॉक्टरले इचारू."