शेखरच्या ईमेलवर गेलेली नोटीस

मुठा खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या भात कंपनीत निखत चार वर्षं कामाला होती. गिरणीची जागा विकायची की नाही, हे ठरवायला सभा लागली होती आणि तिची नोटीस एकशे बारा भागधारकांना जायला हवी होती. निखतनं सकाळी ईमेल पाठवले. यादीवर खुणा करताना रंभाबाईंच्या नावापाशी तिचा हात थांबला.

रंभाबाईंचा कुठला ईमेल? शेअर घेताना मुलानं, शेखरनं, आपलाच दिला होता. शेखर दोन वर्षांपूर्वी भूगावजवळ गाडीवरून पडून गेला.

"ईमेल परत आला का?" अध्यक्ष दयानंदरावांनी विचारलं.

"नाही."

"मग पोचला. कायद्यानं आपलं काम झालं."

दुपारी निखतनं नोटीस छापून घेतली आणि स्कूटर काढली.

रंभाबाई ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. निखतनं नोटीस वाचून दाखवली.

"गिरणीची जागा आमच्या मालकांनी दिल्याली," त्या म्हणाल्या. "आन् मला आत्ता सांगतीस व्हय? आदी कागुद न्हाई धाडला?"

"धाडला, काकू. शेखरच्या ईमेलवर." खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं.

रंभाबाईंचे हात थांबले. "त्येचं खातं आजून चालू हाय?"

"हो."

"म्हंजी दोन वर्सं समदं त्येलाच जातंय."

निखतनं पत्ता बदलायचा अर्ज पुढं केला. "इथं अंगठा दिलात की तो ईमेल निघेल. पुढची नोटीस घरी येईल."

रंभाबाईंनी अर्ज हातात घेतला, बराच वेळ धरला आणि परत दिला. "त्येचं नाव माज्या हातानं न्हाई खोडायची. त्येला जातंय ते जाऊंद्या. मला कागुद येगळा आनून दे."

"आणीन," निखत म्हणाली.

सभेला रंभाबाई पहिल्यांदाच आल्या. ठराव वाचून झाल्यावर उठून उभ्या राहिल्या. "जागा गिरणीसाटनं दिल्याली, इकाया न्हाई," एवढंच बोलल्या. क्षणभर कुणी वर पाहिलं नाही. मग विक्रीच्या बाजूनं हात वर झाले. विरोधात नऊच. ठराव मंजूर झाला.

निखतनं त्यांना स्कूटरवर घरी सोडलं. दारात उतरल्यावर रंभाबाईंनी पदर सावरला.

"बोलून तरी आले," त्या म्हणाल्या आणि भात टाकायला आत गेल्या.